मागे न घेतलेला शब्द

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक दिवस विधानसभेची अध्यक्ष होते. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र विभागाची अभिरूप विधानसभा भरायची. मोठ्या सभागृहातल्या खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडायच्या, एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्ष, आणि समोरच्या स्टेजवर उंच पाठीची एक खुर्ची. ती प्राचार्यांच्या केबिनमधून चार जणांनी उचलून आणलेली असायची. त्या वर्षी त्या खुर्चीत मी बसले.

मला ती खुर्ची मिळाली ती माझ्या मराठीमुळे. आमच्या घरी तेलुगू बोलतात. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. पाचवीत असताना मी वर्गात उभी राहून ‘माझा आई आला’ म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता, बाईसुद्धा. त्यानंतर मी मराठीच्या मागेच लागले. शेजारच्या घरातलं वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचायचे, बातम्या सांगणाऱ्या बायकांसारखं ओठ नीट मिटून, नीट उघडून बोलायचे. कॉलेजात येईपर्यंत माझ्या बोलण्यावरून मी कुठल्या घरची हे कुणाला ओळखू येईनासं झालं. मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी आमच्या सरकारने मांडायचं ठरवलं ते पेट्रोल-डिझेल अधिभार विधेयक. लिटरमागे दोन रुपये जादा कर, आणि त्या पैशातून शहरात बसगाड्या आणि खेड्यांकडे जाणारे रस्ते. विषय सरांनी निवडला होता. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. ‘ह्यात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे,’ ते म्हणाले होते. ‘नुसतं सरकार चोर आणि आम्ही साव असं करू नका. कर का लागतो तेही कळू दे.’ आणि खरंच, तालमी सुरू झाल्यावर आम्ही सगळे त्या विधेयकात बुडून गेलो. कँटीनमध्ये चहा पितानासुद्धा वाद चालायचे. बस हवी तर पैसा कुठून आणायचा? गाडी ज्याची त्याने भरावा. पण डिझेल काय फक्त गाडीवाल्याच्या पोटात जातं? असं.

विरोधी पक्षाच्या मागच्या रांगेत एक मुलगा होता, अक्कलकोटच्या पुढे मैंदर्गी आहे, तिथला. घरी कन्नड, शाळा मराठी. वडील शेती करायचे, थोरला भाऊ मैंदर्गी ते अक्कलकोट वडापची, म्हणजे माणसं भरून भाडं मारणारी, जीप चालवायचा. तो रोज भावाच्या जीपने अक्कलकोटला आणि तिथून एसटीने सोलापूरला यायचा. फार कुणाशी बोलायचा नाही. पण आवाज असा की माईक बंद पडला तरी सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जावा. सरांनी त्याला चार मिनिटांचं भाषण दिलं आणि मला बोलावून सांगितलं, ‘आवाज चांगला आहे, पण भाषा बघ जरा. तू घे त्याला.’

मी त्याला घेतलं. जिन्याखाली जुनी बाकं ठेवलेली असत, तिथे आम्ही बसायचो. तो वाचायचा आणि मी थांबवायचे.

‘हाय नाही, आहे.’

‘आहे.’

‘कुटं नाही, कुठे. ठ नीट म्हण.’

‘कुठे. अगं, पण विधानसभेत समदे असंच बोलतेत की. टीव्हीवर बघ.’

‘परीक्षक टीव्ही बघून मार्क देत नाहीत.’

तो हसायचा आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. एकदा त्याने विचारलं, ‘तू तर तेलुगू घरातली. तुला कसं जमलं एवढं?’

‘लोक हसले की जमतं,’ मी म्हणाले.

त्याचं भाषण इतक्यांदा ऐकलं होतं मी, की मलाही पाठ झालं होतं. त्याची सुरुवात त्याच्या आईपासून होती. ‘अध्यक्ष महोदया, माझी आई दर आठवड्याला अक्कलकोटच्या बाजाराला जाते. तिच्याकडे गाडी नाही. तिला चालवता येत नाही. पेट्रोल पंपावर ती कधी उतरलेलीसुद्धा नाही. तरी ह्या विधेयकातला कर सगळ्यात आधी ती भरणार आहे.’ पुढे ती जीपमध्ये कशी बसते, मेथीच्या जुड्या मांडीवर का घेते, भाडं वाढलं की काय घ्यायचं सोडते, असं सगळं होतं. सरांनी ते वाचून फक्त मान डोलावली होती. सरांनी मान डोलावली म्हणजे खूप झालं.

अजून एक गोष्ट ठरली होती. सर म्हणाले होते, ‘कामकाजात एखादा गोंधळ, एखादं निलंबन झालं तर खरं वाटतं. परीक्षकांना आवडतं.’ त्यासाठी विरोधी पक्षातला शहरातलाच एक मुलगा ठरवला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर तो कागद भिरकावणार आणि मी त्याला बाहेर काढणार. त्यासाठीचं वाक्य मी आरशासमोर उभी राहून घोकलं होतं. ते वाक्य मला फार आवडायचं, हे आता लिहिताना लाज वाटते.

विधानसभेच्या दिवशी सकाळी मैंदर्गीचा तो मुलगा मला स्टेजच्या बाजूला येऊन म्हणाला, ‘आई आलीया.’

मागच्या रांगांवर ‘प्रेक्षक गॅलरी’ अशी पाटी लावली होती. तिथे हिरव्या इरकल साडीत एक बाई बसली होती, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर पहिल्या वर्षाची मुलं होती, मोबाईलमध्ये डोकं घालून. ती मात्र सगळीकडे बघत होती.

‘तिला मराठी थोडंथोडं समजतं,’ तो म्हणाला. ‘भाषणात ती हाय हे सांगितलं न्हाई मी तिला.’

‘आहे. सांगितलं नाही,’ मी म्हणाले.

‘हां, तेच.’

कामकाज सुरू झालं. अर्थमंत्री झालेला मुलगा जॅकेट घालून आला होता. तो बोलायचा छान. त्याने विधेयक मांडलं, बसगाड्यांचं चित्र उभं केलं, धुराबद्दल बोलला, कॉलेजच्या मुलींना संध्याकाळी रिक्षासाठी किती ताटकळावं लागतं ते बोलला. टाळ्या पडल्या. मग विरोधी पक्षनेता झालेल्या मुलीने अडवलं, महागाईबद्दल विचारलं. तो शांतपणे हसला आणि म्हणाला, ‘अध्यक्ष महोदया, हा कर ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यावर आहे. गाडीत बसणाऱ्या सामान्य माणसाला ह्याची झळसुद्धा लागणार नाही, हे मी सभागृहाला खात्रीने सांगतो.’

आणि मागच्या रांगेतून आवाज आला, ‘हे खोटं हाय!’

अख्खं सभागृह गप्प झालं. विधानसभेत ‘खोटं’ म्हणत नाहीत. सरांनी आम्हाला पहिल्याच तालमीत सांगितलं होतं: खोटं हा असंसदीय शब्द, त्याऐवजी ‘वस्तुस्थितीला धरून नाही’ म्हणायचं. मी घंटी वाजवली.

‘सन्माननीय सदस्यांनी वापरलेला शब्द असंसदीय आहे. त्यांनी तो मागे घ्यावा.’

तो उभा होता. चेहऱ्यावर हसूच होतं. ‘अध्यक्ष महोदया, गाडीत बसणाऱ्यालाच भरावं लागतंय ते. मग ह्याला खोटं न्हाय तर काय म्हणायचं?’

मागे खसखस पिकली. त्या ‘न्हाय’वर हसले ते. मला दुसरंही काही करता आलं असतं. तो शब्द कामकाजातून काढून टाका म्हणून सांगायचं आणि पुढे जायचं, एवढं पुरलं असतं. नियमांत ते होतं आणि मला माहीत होतं.

‘शब्द मागे घ्या,’ मी म्हणाले.

‘कुठला? खोटं?’ त्याने विचारलं. ‘कुठला’तला ठ अगदी नीट म्हणाला. तो खरंच विचारत होता. पण हसू वाढलं. पुढच्या रांगेत बसलेल्या दोन परीक्षकांपैकी एक जण वहीत काहीतरी लिहीत होते.

‘सन्माननीय सदस्यांना ही शेवटची संधी देण्यात येत आहे.’

तो गोंधळला. माझ्याकडे बघत, जिन्याखाली बोलायचा तसा, हळूच म्हणाला, ‘अगं, पण खरंच हाय की ते.’

अध्यक्षांना ‘अगं’! सभागृह फुटलंच. टेबलं बडवली गेली, सरकारी बाकांवरून कुणीतरी शिट्टी मारली. ते सगळे त्याला हसत होते. पण त्या उंच खुर्चीत बसून मला वाटलं ते मला हसतायत. पाचवीत झाले होते तसेच कान गरम झाले. आणि मी ते घोकलेलं वाक्य बोलले.

‘सन्माननीय सदस्यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे आहे. त्यांना आजच्या दिवसापुरते निलंबित करण्यात येत आहे. मार्शल, सदस्यांना सभागृहाबाहेर न्यावे.’

वाक्य सुंदर आलं. एकही अक्षर अडखळलं नाही. सभागृह एकदम चूप झालं, आणि ती शांतता मला आवडली.

मार्शल म्हणजे एनसीसीचे दोन कॅडेट होते, खाकी गणवेशातले. ते त्याच्याजवळ गेले. त्याने सरांकडे पाहिलं. हे ठरल्यातलंच आहे का, असं तो विचारतोय हे मला इतक्या लांबून कळलं. सरांनी बाहेर जा म्हणून मान हलवली. तो कागदाची घडी करून खिशात ठेवू लागला, तर एका कॅडेटने त्याचा दंड धरला. जोरात नव्हे, नाटकात धरतात तसा. दोघांच्या मधून तो चालत गेला. प्रेक्षकांच्या रांगेपाशी पोचला तेव्हा ती हिरव्या साडीतली बाई उभी राहिली होती. त्याने तिला हाताने खूण केली, बस, बस. मग दार बंद झालं.

चर्चा पुढे चालली. विरोधी पक्षनेत्या मुलीने निषेध म्हणून सभात्याग करायला हवा होता, पण तिचं भाषण अजून व्हायचं होतं आणि त्याला मार्क होते. ती बसून राहिली. शेवटी मी विधेयक मताला टाकलं. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ दोन्हीकडून आवाज आले. ‘होयचे बहुमत आहे. विधेयक संमत झाले.’ आमच्या राज्यात डिझेल महाग झालं.

चहाची सुट्टी झाली. मी व्हरांड्यात आले तर ती बाई खांबाजवळ उभी होती. मला बघून पुढे आली. मी काही म्हणायच्या आत तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

‘तप्पात्री,’ ती म्हणाली. ‘मेडम, तप्पात्री.’

मला कन्नड येत नाही. पण तेलुगूत चुकीला ‘तप्पु’ म्हणतात. लहानपणी घरात काही फुटलं, सांडलं की आईसमोर उभं राहून हाच शब्द म्हणायचो आम्ही. चूक झाली. ती बाई माझी माफी मागत होती. तिने काय पाहिलं होतं ते मला त्या क्षणी कळलं: तिचा मुलगा काहीतरी बोलला, वर खुर्चीत बसलेल्या बाई रागावल्या, आणि खाकी कपड्यातल्या दोघांनी येऊन त्याला दंड धरून नेलं.

‘अहो, काही नाही झालं,’ मी म्हणाले. ‘नाटक आहे हे. नाटक.’

तो शब्द तिला समजला, पण भलताच. तिचा चेहरा आणखी उतरला. ‘नाटक अल्लरी,’ ती घाईघाईने म्हणाली. ‘खरे. खरे.’ पोरगा नाटकं करत नाही, तो खरं बोलणारा आहे, असं काहीतरी ती सांगत होती. मग वाकली. माझ्या पायांपर्यंत तिचा हात येतोय हे दिसल्यावर मी मागे सरकले आणि तिचे खांदे धरले. ‘नको, नको.’ एवढंच माझ्या तोंडून आलं. तेलुगूत मी तिला चार शब्द सांगू शकले असते. त्यातले दोन तरी तिला समजले असते. पण तीन हातांवर परीक्षक चहा पीत उभे होते आणि माझ्या तोंडून तेलुगू निघेना.

तेवढ्यात सरांनी हाक मारली. पुढच्या सत्राची घंटा झाली होती. ‘बसा हं तुम्ही,’ मी तिला म्हणाले आणि आत गेले. बसायला तिथे काही नव्हतं.

तो कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या गाड्यावर होता. निलंबित सदस्याने आवारात थांबायचं नाही असं सरांनी सांगितलं होतं आणि त्याने ते तंतोतंत पाळलं होतं. त्यामुळे ती त्याला आत शोधत राहिली आणि तो बाहेर तिची वाट बघत राहिला. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी बक्षिसं झाली. उत्कृष्ट अध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारलं. परीक्षक म्हणाले, एका सदस्याला ज्या संयमाने आणि ज्या भाषेत अध्यक्षांनी शिस्त लावली ते खऱ्या सभागृहांनी शिकण्यासारखं आहे. टाळ्या वाजल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी गेल्यावर मी आईला बक्षिसाची ढाल दाखवली आणि सगळं सांगितलं. त्या बाईचंही सांगितलं, जरा हसण्यावारी नेत. आई सुपात विड्यांची पानं कातरत होती. ती हसली नाही.

‘तिला बसवलंस का?’ तिने तेलुगूत विचारलं.

‘घंटा झाली होती, अम्मा.’

‘पाणी तरी दिलंस?’

मी ढाल कपाटावर ठेवली. तिने पुढे काही विचारलं नाही. कातरीचा आवाज तेवढा येत राहिला.

त्यानंतर तो तालमींना आला नाही. आमच्या संघाची विद्यापीठाच्या फेरीसाठी निवड झाली होती, परत सगळं बसवायचं होतं. मी सरांना म्हणाले, ‘सर, त्याला घ्या ना.’ सर म्हणाले, ‘मी काढलंय का त्याला? तोच येत नाही.’ हे खरंच होतं, आणि मी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच मान्य करायची गरज नव्हती. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला, त्याचं भाषण दुसऱ्याने लिहिलं, त्यात कुणाची आई नव्हती.

एक दिवस लायब्ररीच्या पायऱ्यांवर तो भेटला. मी आधी नुसतीच हसले. मग म्हणाले, ‘रागावलायस?’

‘तुझ्यावर? न्हाई ग.’

‘मग येत का नाहीस?’

तो चपलेच्या टोकाने पायरी उकरत बसला. ‘घरी लई झालं,’ म्हणाला. ‘आईला वाटलं मला कॉलेजातनं काढलं. एसटीत रडत आली. भावाला सांगितलं, पोलिसांनी धरलं म्हणून. भाऊ म्हणाला, तुला शिकाय पाठवतो का भांडाय? मी समदं समजावून सांगितलं. भावाला कळलं. आईला न्हाई पटत. रोज सकाळी इचारती, आत घेतेत का रे तुला? संध्याकाळी इचारती, घेतलं का आत? म्हणलं आता परत त्यातच गेलो तर ती आजारी पडंल.’

मी हातातली पुस्तकं पायरीवर ठेवली.

‘तू एकदा येतीस का घरी?’ त्याने विचारलं. ‘तू सांगितलंस तर पटंल तिला. मोठी मेडम तूच की.’

‘येते,’ मी म्हणाले. ‘नक्की येते.’

आणि मी गेले नाही. विद्यापीठाची फेरी झाली, तिथे आम्हाला काही मिळालं नाही. मग अंतर्गत परीक्षा आल्या. मग चुलत बहिणीचं लग्न. तो भेटला की मी आधीच म्हणायचे, ‘ह्या रविवारी बघते,’ आणि तो म्हणायचा, ‘चालतंय की.’ त्याने एकदाही तक्रार केली नाही. त्याने तक्रार करावी असं मला फार वाटायचं. लांबून तो येताना दिसला की मी लायब्ररीच्या मागच्या बाजूने जायला लागले. आणि रोज सकाळी साडी नेसताना, नाही तर भाकरी थापताना, ती बाई त्याला तोच प्रश्न विचारत असेल हेही मला रोज आठवायचं. एका वाक्याने तिचं ओझं उतरलं असतं आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. मला भीती वाटत होती ती तिची नाही. ती परत हात जोडेल, ह्याची.

परीक्षा संपल्यावर गेले. अक्कलकोटला एसटीतून उतरले तर तो स्टँडबाहेर उभा होता, भावाची जीप घेऊन. भाऊ स्टिअरिंगवर बसला होता. त्याने मागे वळून मला नमस्कार केला आणि पुढच्या सीटवर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला मागे जायला सांगितलं, माझ्यासाठी. मी नको म्हणत होते तोवर म्हातारा उतरलाही होता.

घरासमोर सडा घातलेला होता. आत एक प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर धुतलेली सोलापुरी चादर घडी करून टाकलेली. ती बाई दारात आली. ‘बर्री, बर्री,’ म्हणाली आणि खुर्चीकडे हात केला. स्वतः चुलीजवळ जमिनीवर बसली. मी खुर्चीवर बसले नाही. तिच्यासमोर खाली बसले. ती कावरीबावरी होऊन मुलाकडे बघायला लागली.

मी सुरुवात केली. निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत, आणि अडलं की तो कन्नडमध्ये सांगायचा. तो सगळा खेळ होता. मी मेडम नाही, मी ह्याच्याच वर्गात आहे. ते पोलीस नव्हते, आमच्याच कॉलेजची पोरं होती. ह्याला कुणी काढलेलं नाही. ह्याने सगळे पेपर दिले. ती ऐकत होती. मध्येच तिने काहीतरी विचारलं.

‘ती इचारती, तुझे आई-बाप काय करतेत,’ तो म्हणाला.

मी सांगितलं. विड्या म्हटल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. माझ्या हाताकडेही पाहिलं. मग तिचे खांदे जरा खाली आले.

‘तप्पु नंदु,’ मी म्हणाले. ‘चूक माझी.’ कन्नडमध्ये असं म्हणतात का मला माहीत नव्हतं. येताना जीपमध्ये मी त्याला विचारून घेतलं होतं, पण ऐन वेळी नीट आठवलं का कोण जाणे.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून भाकऱ्या करायला लागली. ‘ऊटा माड्री,’ म्हणाली, जेवा. एवढंच. माफ केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मी जेवत असताना ती ताटाकडे लक्ष ठेवून होती. भाकरी संपत आली की न विचारता दुसरी टाकायची. पोट भरलं होतं तरी मी ‘पुरे’ म्हणू शकत नव्हते.

जेवण झाल्यावर तिने मुलाला काहीतरी विचारलं. तो लाजला, नको म्हणाला. तिने परत विचारलं, ह्या वेळी माझ्याकडे बघत.

‘काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘काय न्हाई. उगाच.’

‘सांग की.’

तो भिंतीकडे बघत म्हणाला, ‘इचारती, मी चांगलं बोलतो का म्हणून. तिला त्या दिवशी ऐकायचं होतं. ऐकायला मिळालं न्हाई ना.’

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते भाषण अथपासून इतीपर्यंत पाठ होतं. तिच्या घरात, तिच्यासमोर बसून मी ते म्हणू शकले असते, बाजार, मेथीच्या जुड्या, सगळं.

‘खूप छान बोलतो,’ मी म्हणाले. मग तिला समजावं म्हणून, ‘लई चांगलं. लई.’

तिचा चेहरा उजळला. तिने लगेच पुढचं विचारलं, आणि हे मला त्याने न सांगताच कळलं: कशाबद्दल बोलतो?

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने अगदी किंचित मान हलवली. नको.

‘डिझेलबद्दल,’ मी म्हणाले.

‘डिझेल?’ ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिने दारातूनच बाहेर जीप पुसत असलेल्या थोरल्याला ओरडून ते सांगितलं. तोही हसला. घरात येऊन जाऊन जीप, आणि हा कॉलेजात जाऊनही डिझेलबद्दलच बोलतो! ती किती तरी वेळ हसत होती. मीही हसले. तो मात्र उठून माझं ताट घेऊन मोरीकडे गेला.

त्याने पुढे कुठल्याच स्पर्धेत भाग घेतला नाही. पदवी घेतली आणि आता तो अक्कलकोटच्या एका कापडदुकानात हिशेब बघतो, असं मला कुणीतरी सांगितलं. मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे नकली खटले चालतात, आणि त्यात न्यायाधीश व्हायला मला अजूनही दर वेळी सांगतात. मी कधी वकील होते, कधी साक्षीदार. दुसरं कुणीतरी वर बसतं, आणि खाली उभं राहून मी ‘महोदय’ म्हणते.

त्या दिवशी मैंदर्गीहून निघताना त्याची आई मला जीपपर्यंत सोडायला आली होती. हातात फडक्यात बांधलेल्या शेंगा दिल्या. जीपमध्ये माणसं भरत होती आणि तो बाजूला उभा राहून ‘अक्कलकोट, अक्कलकोट’ म्हणून हाळी देत होता. काय आवाज होता त्याचा. रस्त्याच्या पार पलीकडची माणसं वळून बघत होती. पुढची सीट माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी मागे चढले, दोन बायकांच्या मध्ये बसले. तिने ते पाहिलं आणि थोरल्याला रागावून काहीतरी म्हणाली, मेडमला पुढे बसव म्हणून असणार. मी तिथूनच हात हलवत राहिले, नको, इथे बरी आहे. ती काही ऐकेना. जीप सुरू झाली तरी ती बाजूने चालत पुढच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवत होती.